कुत्र्याच्या पिल्लाचें दुखणें

कालपर्यंत घरभर बागडणारें आठ-दहा आठवड्यांचें पिल्लूं एखादे सकाळीं कोपऱ्यांत निपचित पडतें आणि जेवणाच्या ताटलीकडे ढुंकूनही पाहत नाहीं. "अपचन झालें असेल, उद्यांपर्यंत पाहूं," असें घरांत ठरतें. हा एक दिवसच पुष्कळदां त्याच्या जिवावर बेततो.

पिल्लांच्या घातक रोगांत पार्वोची गणना प्रथम करावी लागते. १९७८ च्या सुमारास हा रोग ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. सहा आठवडे ते सहा महिने वयाच्या पिल्लांस तो विशेष ग्रासतो. त्याचे विषाणू आंतड्याचें अस्तर व अस्थिमज्जा या दोहोंवर घाला घालतात. त्यामुळें शरीरांतील पाणी झपाट्यानें आटतें आणि रोगाशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशीही उणावतात.

आधीं सुस्ती व अरुचि, मग वारंवार वांती, नंतर दुर्गंधियुक्त, पुष्कळदां रक्तमिश्रित जुलाब, असा क्रम बहुधा आढळतो. मात्र रक्त दिसण्याची वाट पाहूं नये. हिरड्या कोरड्या वा फिक्या दिसणें, मानेवरची कातडी चिमटींत धरून सोडल्यास सावकाश बसणें, हीं धोक्याचीं चिन्हें होत. निरोगी कुत्र्याचें उष्णतामान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतें. आजारी पिल्लाचें अंग गार पडूं लागलें, तर ताप उतरला असें समजून निश्चिंत होऊं नये.

अशा वेळीं बळेंच दूध-पाणी पाजूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याची भीति असते. माणसांच्या तापाच्या व वेदनांच्या गोळ्या तर मुळींच देऊं नयेत. पिल्लाला उबदार वस्त्रांत गुंडाळून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. निघण्यापूर्वीं रोगाची शंका कळवावी, म्हणजे तेथील इतर कुत्र्यांपासून त्यास दूर ठेवतां येतें. उपचारावांचून बहुतेक पिल्लें दगावतात. उलट शिरेंतून सलाइन व योग्य शुश्रूषा वेळेवर मिळाल्यास बहुतेक वांचतात.

एकदां लस टोंचली म्हणजे झालें, ही समजूत चुकीची आहे. आईकडून मिळालेलें संरक्षण अंगांत असतांना आरंभींची लस निष्फळ ठरूं शकते. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर दोन ते चार आठवड्यांनीं, वयाच्या सोळाव्या आठवड्यापर्यंत ती देत राहावें लागतें.

हा विषाणू साध्या साबणानें मरत नाहीं आणि जमिनींत कित्येक महिने तग धरतो. यास्तव फरशी व भांडीं स्वच्छ धुऊन मग ब्लीचच्या पातळ द्रावणानें निर्जंतुक करावीं. आणि लशी पुऱ्या न झालेलें दुसरें पिल्लूं त्या घरांत लगेच आणूं नये.