पोरगी जिंकली की गाव तिचं, एरवी?
(प्रभागसंघाच्या सभेतील मनोगत)



हायस्कूलचा कबड्डीचा संघ तालुक्याला जिंकून आला की गावात काय होतं, ते मी सांगायला नको. गुलाल उधळतो, पारावर तीच चर्चा. एरवी एकमेकांच्या दारात न जाणारी माणसं मैदानाच्या कडेला शेजारी उभी राहून ओरडतात. शाळेच्या खेळात एवढी ताकद आहे.

पण संघ निघाला तेव्हा एसटीचं भाडं कुणी दिलं? बूट कुणी घेतले? बऱ्याचदा सरांनी पदरचे घातले, नाहीतर एखाद्या आईनं बचतीतून काढले.

शालेय स्पर्धा आणि द्राक्षाची छाटणी साधारण एकाच वेळी येतात. मग नववीतली पोरगी मैदानावर जाणार, की घरी धाकट्याला सांभाळणार? त्यात पाळी सुरू झाली की "आता मोठी झालीस" म्हणत तिचा खेळ बंद. कोण करतं? आपणच ना, बायांनो!

त्र्यंबक तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटर धावून तिनं कांस्यपदक आणलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. 2016 ला ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या पिंपळगाव केतकीची मोनिका आथरे 2017 ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. यांनाही कुणीतरी घरातून मैदानावर जाऊ दिलं, म्हणून पुढचं घडलं.

सगळ्याच काही कविता होणार नाहीत. पण ठरलेल्या पातळीवर खेळलं तर दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. म्हणून प्रमाणपत्रं जपून ठेवा. आणि पहिल्याच फेरीत हरलेली पोरगीसुद्धा परगाव बघून येते, चार अनोळखी माणसांशी बोलते. उद्या बँकेत जाऊन व्यवस्थापकाशी बोलायला ती आपल्यासारखी दहा वर्षं घेणार नाही.

तर पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवू. एक, संघाच्या प्रवासाला ग्रामसंघातून थोडी मदत करायची. दोन, सरावाला जाणाऱ्या पोरींसाठी मैदानाजवळ संडास आणि पाणी हवं, हा विषय ग्रामसभेत मांडायचा. तीन, स्पर्धेच्या दिवशी आळीपाळीनं दोघी-तिघींनी पोरींबरोबर जायचं.

आणि पोरगी हरून आली, तरी तिला एसटी स्टँडवर घ्यायला जायचं. गुलाल नसला तरी चालेल, आपण असायला हवं.