आकाशातली वीज



आज विजेविषयी बोलू. तारेतून घरात येते ती नव्हे, ढगातून येते ती. खरे म्हणजे दोन्ही एकच. पण एक आपल्या ताब्यात आहे आणि दुसरी नाही.

वळवाचा पाऊस कसा येतो, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. दिवसभर अंगाची लाही लाही होते. दुपार कलली की एका बाजूला काळा ढग उभा राहतो. वारा सुटतो, धूळ उडते, आणि कडाड्! मृगाच्या आधी असे होते. पुढे आषाढ-श्रावणात पावसाची झड लागते, पण तेव्हा विजा फारशा होत नाहीत. हस्ताचा पाऊस मात्र पुन्हा गडगडत येतो. असे का बरे?

वीज व्हायला नुसता पाऊस पुरत नाही. उंच ढग लागतो. जमीन तापली की दमट हवा झपाट्याने वर चढते आणि ढगाचा मनोरा उभा राहतो. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. विजेचा ढग त्याच्या सात-आठ पट उंच जाऊ शकतो. झडीचे ढग सहसा एवढे उंच नसतात.

एवढ्या उंचीवर भर मे महिन्यातही कडाक्याची थंडी असते. तिथे पाण्याचा बर्फ होतो. बर्फाचे हलके कण वाऱ्याबरोबर वर जातात. गारांसारखे जड कण खाली येतात. वाटेत ते एकमेकांवर आपटतात, घासतात. थंडीच्या दिवसांत अंधारात लोकरीचा कपडा अंगातून काढला, तर चटचट आवाज होतो. कधी बारीक ठिणगीही दिसते. पाहिली आहे ना? ती विजेचीच धाकटी बहीण. ढगात हेच घडते, पण फार मोठ्या प्रमाणावर. ढगाच्या वरच्या भागात एका जातीची वीज साठते, खालच्या भागात दुसऱ्या जातीची. शाळेच्या पुस्तकात त्यांना धन आणि ऋण म्हणतात. साठता साठता ती इतकी होते की मधल्या हवेला ती आवरत नाही. मग ठिणगी उडते. बहुतेक ठिणग्या ढगातल्या ढगातच राहतात. थोड्या जमिनीकडे येतात. धास्ती त्यांची.

ही ठिणगी सरळ येत नाही. टप्प्याटप्प्याने, वाट चाचपत येते. ती जवळ आली की खालच्या उंच वस्तूतूनही एक बारीक ठिणगी तिच्याकडे वर निघते. झाडाच्या शेंड्यातून निघते, देवळाच्या कळसातून निघते. मोकळ्या माळावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यातूनसुद्धा निघते. दोघींची गाठ पडली की वाट पुरी होते आणि लखलखाट होतो. तेव्हा वीज वरून पडते, हे अर्धेच खरे.

ही वाट जाडीला बोटा-दोन बोटांएवढी. पण तिच्यातली हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट! तापलेली हवा एकदम फुगते. सुरुंगासारखा आवाज होतो. तोच गडगडाट. ढगावर ढग आपटून आवाज होतो, असे आजही पुष्कळ जण सांगतात. पण ढग म्हणजे बारीक थेंबांचे धुके. धुक्यावर धुके आपटून कसला आवाज होणार?

ढगातली वीज आणि घासून होणारी ठिणगी एकच, हे अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी ओळखले. ते मुळात छापखानेवाले. १७५२ साली त्यांनी वादळी ढगाखाली पतंग उडवला. दोरीला किल्ली बांधली होती. किल्लीजवळ बोट नेले तशी ठिणगी उडाली. उंच इमारतीवर टोकदार सळई लावून तिची तार जमिनीत नेण्याची युक्ती त्यांचीच. वीज त्या तारेने जमिनीत जाते, इमारत वाचते. पण पतंगाचा खेळ कोणी करू नका बरं! पुढच्याच वर्षी, १७५३ साली, रशियात सेंट पीटर्सबर्ग शहरी रिखमान नावाचे शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना जागीच गेले.

आता आपल्याकडची एक समजूत. पायाळू माणसावर वीज पडते, असे म्हणतात. पाऊस आला की पायाळू पोराला घरात कोंडतात. घरात ठेवणे चांगलेच, पण मग सगळ्याच पोरांना ठेवा ना! जन्मताना डोके आधी आले की पाय, हे विजेला कुठून कळणार? अमेरिकेत रॉय सुलिव्हन नावाचे एक वनरक्षक होते. १९४२ ते १९७७ या काळात त्यांना सात वेळा वीज लागली, आणि सातही वेळा ते वाचले. त्यांचे काम रानातले, सदा उघड्यावरचे. कारण शोधायचे तर ते असे शोधावे.

आपल्या देशात विजेने दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसे मरतात. त्यांत शेतात राबणारे फार. आणि पुष्कळदा माणूस झाडाखाली सापडतो. भिजू नये म्हणून आंब्याखाली, बाभळीखाली धावतो आणि तिथेच घात होतो. झाड उंच, म्हणून वीज झाडावर येते. खोडातून उतरताना जवळच्या माणसावर उडी घेते. माणसाचे अंग तिला खोडापेक्षा सोपी वाट वाटते. भिजलेला माणूस घरी येऊन अंग पुसतो, म्हणून सांगतो, भिजा, पण झाडाखाली जाऊ नका.

झाडाखालच्या जनावरांचेही तेच. वीज जमिनीत शिरली की भोवताली पसरते. गाईचे पुढचे पाय आणि मागचे पाय यांत अंतर असते. वीज एका पायाने चढते, पोटा-छातीतून जाते, दुसऱ्या पायाने उतरते. नॉर्वे देशात २०१६ साली ऑगस्ट महिन्यात एका वादळात ३२३ रेनडियर, म्हणजे तिकडची हरणे, एकाच माळावर मेली. ती एकमेकांना खेटून उभी होती. आभाळ भरून आले की गुरे झाडाखालून सोडवा. पण वीज डोक्यावर आली असेल तर दाव्याला, साखळीला हात लावत बसू नका. आधी जीव सांभाळा.

वीज किती दूर आहे, हे मोजता येते. दूर कोणी लाकूड फोडत असला तर कुऱ्हाड पडलेली आधी दिसते, आवाज मागून येतो. तसेच हे. उजेड लगेच पोचतो, आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकली की सावकाश आकडे मोजा. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. एवढी जवळ म्हणजे धोका. काम टाका आणि पक्क्या घरात जा. एस.टी.चा पत्र्याचा डबाही चालतो, खिडक्या लावून घ्या. चारी बाजूंनी उघडी शेड, मांडव, घराचा ओटा, हे काही खरे नव्हेत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. रबरी चपलेने काही होत नाही. जी वीज ढगापासून एवढी हवा फोडून येते, तिला बोटभर रबर काय अडवणार!

जवळ घरच नसेल तर? लावणीच्या बाया ओळीने वाकलेल्या असतात. त्यांनी बांधावरच्या झाडाकडे पळू नये. एकमेकींपासून लांब व्हावे, पाय जुळवून उकिडवे बसावे, मान खाली घालावी. आडवे पडू नये. यानेही पुरती खात्री नाही, पण उभे राहण्यापेक्षा बरे.

एवढे करूनही कोणाला वीज लागली, तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. काही भागांत अशा माणसाला शेणात पुरतात. तसे करू नका! त्याचे हृदय थांबलेले असू शकते, आणि जी मिनिटे शेण गोळा करण्यात जातात, त्यांतच तो वाचण्याजोगा असतो. श्वास चालत नसेल तर उताणा निजवा. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून जोराने दाबा, सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. गाडी येईपर्यंत थांबू नका. आरोग्य केंद्रात हे एकदा हाताने शिकून घ्या. नुसते ऐकून जमत नाही.

आणखी एक सोय झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप केले आहे. आपल्या आसपास विजा होत असल्या, तर मोबाइलवर सूचना येते. फोन घ्या, नाव वाचा. दा-मि-नी. तीनच अक्षरे आहेत. फोनमध्ये घालायला जमले नाही, तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा. तो दोन मिनिटांत करून देईल.