शेवटच्या ऑर्डरचं साल

(चिंचवड येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापला आहे 'जागतिक हवामान परिषदा आणि आपण'. संयोजकांची अपेक्षा अशी की परिषदांवर पाऊण तास बोलावं आणि 'आपण' दहा मिनिटांत उरकावं. प्रस्तुत वक्त्याच्या हातून नेमकं उलटं होणार, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. (हशा)

परिषदांचा इतिहास या सभागृहाला नव्याने सांगायला नको. १९९२चं रिओ, १९९७चं क्योटो, २०१५चं पॅरिस, सगळं आपण वाचलेलं आहे. २०२१मध्ये ग्लासगोला आपल्या पंतप्रधानांनी नेट झिरोसाठी २०७० हे साल जाहीर केलं आणि शेवटच्या घटकेला पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादवांनी कोळशाबद्दलचं वाक्य मवाळ करून घेतलं. २०२३ला दुबईत जवळपास दोनशे देशांनी कोळसा, तेल, वायू या सगळ्यांपासूनच दूर जायचं कबूल केलं. २०२४ला बाकूत विकसनशील देशांना द्यायच्या पैशांवरून वाजलं. २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा ठरला आणि भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी भर सभेत तो नाकारला. २०२५च्या नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये, बेलेमला, ऐंशीहून अधिक देश म्हणाले, दूर जायचं ना, मग टप्पे लिहून द्या. परिषदेच्या जागेत मध्येच आग लागली, ती विझली. पण अंतिम मसुद्यात जीवाश्म इंधनांचं नावही आलं नाही.

या सगळ्या भांडणांमध्ये एक गोष्ट समान आहे. भांडण सालावरून आहे. कोणी, किती, आणि कोणत्या सालापर्यंत.

आता ही वस्तू पाहा. पहिल्या रांगेतून मागे फिरवत न्या. करंगळीएवढी पोकळ पोलादी नळी. भोसरीच्या कारखान्यांतल्या मंडळींनी हातात न घेताच ओळखली असेल. गजन पिन. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी. बाहेरून आरशासारखी दिसते, कारण कार्ब्युरायझिंग करून वरचा थर कडक केला आहे आणि मग सेंटरलेस ग्राइंडरवर मायक्रॉनच्या हिशोबात घासली आहे. नख फिरवून बघा, कुठे अडणार नाही. अशी पिन रोज हजारोंनी काढणारी शेड उभी करायला एका पिढीचं कसब लागतं. विजेवर चालणाऱ्या स्कूटरमध्ये पिस्टन नाही, त्यामुळे ही पिनही नाही.

ब्रेक राहतील, शॉकअब राहतील, रिम, सीट, दिवे, पत्र्याचं काम राहील. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, सायलेन्सर जातील. हे सगळ्यांना ठाऊक आहे. कधी जातील, ते मात्र पिन बनवणाऱ्याला कोणी सांगत नाही. त्याच्या हातात येतं पुढच्या महिन्याचं शेड्यूल, फार तर तीन महिन्यांचा अंदाज. आणि ज्या सीएनसी मशीनवर तो हे काम करतो, तिचे बँकेचे हप्ते पाच-सात वर्षांचे. प्रस्तुत वक्त्याचं म्हणणं एवढंच आहे. देश २०७० सांगू शकतो, तर मोठ्या कंपनीने आपल्या व्हेंडरला त्याच्या भागाच्या ड्रॉइंगवरच्या शेवटच्या ऑर्डरचं साल लेखी सांगितलं पाहिजे.

थोडं चेतकबद्दल. दोन मिनिटं, जास्त नाही. (हशा) आकुर्डीला १९७२मध्ये बजाजची चेतक स्कूटर आली. नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जायची. परदेशातल्या भावाने परकीय चलन पाठवलं तर नंबर लवकर लागायचा, त्यामुळे असा भाऊ असलेल्यांना गल्लीत मान होता. लग्नाच्या बोलणीत स्कूटर यायची, ते सांगायला नको. समोर काही जावईबापू बसले आहेत. (हशा) पेट्रोलमध्ये ऑइल घालून हलवायचं. सकाळी किका मारून पाय दुखला की गाडी अंगावर तिरकी करायची, मग सरळ करून पुन्हा किक. इथल्या प्रत्येक काकांना तो कोन आठवत असेल! आणि स्टेपनी. उजवीकडच्या त्या काकू मान हलवताहेत, म्हणजे एका स्कूटरवर चौघांनी देहूला जाऊन आलेलं कुटुंब आहे हे. पुढे मोटरसायकलींनी स्कूटर मागे टाकली आणि २००९मध्ये बजाजने स्कूटर बंद करत असल्याचं जाहीर केलं. मग २०२०च्या जानेवारीत तीच चेतक विजेवर आली, आधी चाकणहून. आणि जून २०२२मध्ये आकुर्डीच्याच जुन्या आवारात तिचा नवा कारखाना सुरू झाला. किक नाही, ऑइल नाही, तिरकी करायची सोय नाही. पण २०२५च्या एप्रिलमध्ये चीनने मोटरला लागणाऱ्या रेअर अर्थ मॅग्नेटच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि त्या पावसाळ्यात चेतकचं उत्पादन कमी करावं लागलं. म्हणजे पेट्रोल सुटलं तरी बाहेरच्यावरचं अवलंबन सुटलं नाही.

दोन मिनिटांची किती झाली ते अध्यक्षांनी सांगू नये.

शेवटच्या सालाच्या मागणीवर मागून आवाज आला, 'कंपनीच्या परचेस खात्याला तरी कुठे साल माहीत असतं?' बरोबर आहे. चाकणमध्ये महिंद्राच्या विजेवरच्या मोटारी बाहेर पडतात. तिथेही कारखाना असलेली बजाज २०२४च्या जुलैत जगातली पहिली सीएनजी मोटरसायकल आणते. वीज, सीएनजी, इथेनॉल. कंपन्याही सगळ्या घोड्यांवर थोडे थोडे पैसे लावून आहेत. तरीही ही सबब पुरती पटत नाही, आणि त्याला पुरावा याच धंद्यातला आहे.

२९ मार्च २०१७. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या प्रदूषण निकषाची गाडी विकायची नाही. कारखान्यांनी कोणत्या तारखेपर्यंत बनवायच्या हे ठरलेलं होतं, बनवलेल्या कधीपर्यंत विकायच्या यावर वाद होता. देशभरात आठ लाखांवर गाड्या पडून होत्या. दोन दिवस शोरूमबाहेर रांगा, हजारोंची सूट. स्वस्तात घेणारे तेव्हा खूश होते. त्यांपैकी काहींची गाडी आज बाहेर पार्किंगमध्ये असेल. (हशा)

आता दुसरं उदाहरण. जानेवारी २०१६मध्ये सरकारने ठरवलं, बीएस-५ वगळून १ एप्रिल २०२०ला थेट बीएस-६. चार वर्षं आधी तारीख. २०१८मध्ये न्यायालयाने विक्रीची मुदतही पक्की केली. ओरड झाली, खर्च झाला, बहुतेक दुचाकींतला कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. ऐन तारखेला कोविडचं लॉकडाउन होतं, तरी नवी गाडी तयार होती. तारीख ठाऊक असली की इथला माणूस मशीन बदलतो, डाय बदलतो, पोराला नवीन शिकायला पाठवतो. अंदाज चुकेल ही भीती असेल, तर कंपनीने एकच साल न देता २०३० ते २०३५ असा पट्टा द्यावा. दरवर्षी दुरुस्त करावा. देशही आपली उद्दिष्टं दर पाच वर्षांनी नव्याने देतातच की.

चिठ्ठी आली आहे: 'चार्जिंगची वीज कोळशाचीच ना?' हो. चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं केंद्र काही सुटीवर गेलेलं नाही. देशाच्या वीजनिर्मितीच्या क्षमतेत बिगर-जीवाश्म वाटा २०२५मध्ये निम्म्यावर पोचला, ठरल्यापेक्षा पाच वर्षं आधी. पण प्रत्यक्ष विजेत मोठा वाटा अजून कोळशाचाच. प्रश्न रास्त आहे. मात्र भोसरीतल्या शेडचं काम जायचं थांबेल, असं त्या उत्तरातून निघत नाही.

उलट चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणींशी तुलना करा. पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत कामगारांसाठी न्याय्य संक्रमणाचा उल्लेख आहे, बेलेमला त्यासाठी यंत्रणा उभारायचंही ठरलं. पण हा विषय निघाला की डोळ्यांसमोर येते कोळशाची खाण. खाणीला मालक एक, कामगारांना संघटना, आणि कोळसा कधी संपेल याचा निदान हिशोब. इथे मात्र काम विखुरलेलं आहे. मोठी कंपनी, तिचा व्हेंडर, त्याचा जॉबवर्कवाला, त्याच्याकडचे कंत्राटी ऑपरेटर. तळाच्या माणसाचं नाव कोणत्याच यादीत नसतं. काम थांबतं तेव्हा कारखाना बंद झाला अशी बातमीही येत नाही. तिसरी पाळी जाते, मग दुसरी.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आहे. त्याचा अर्थ सभेला कळतो. तेव्हा भराभर सांगायचं तर, पुढची परिषद २०२६च्या नोव्हेंबरात तुर्कीत, अंतालियाला. तिथे आपल्यातलं कोणी जाणार नाही. पण त्याआधी कंपन्यांच्या व्हेंडर मीट होतील, जेवण चांगलं असेल. तिथे किंमत कमी करा असं सांगतील तेव्हा एकट्याने नाही, दहा-बारा जणांनी मिळून विचारावं: हे ड्रॉइंग कोणत्या सालापर्यंत?

युरोपच्या सीमेवरच्या कार्बन आकारणीचा मुद्दा राहिलाच. युरोपात नट-बोल्ट पाठवणारे कोणी असतील तर त्यांनी कार्यक्रम संपल्यावर जिन्यापाशी थांबावं. पोलादाबरोबर तेही त्यात आहेत, आणि १ जानेवारी २०२६पासूनच्या मालावर ती आकारणी लागू आहे. कोणती माहिती भरावी लागते ते पाच मिनिटांत सांगता येईल. खरंच पाच. (हशा, टाळ्या)