आधी पाहा, मग ठरवा



मुलगी नेमबाजी शिकायचं म्हणाली की घरात ओरड होते, "बंदूक? नको गं बाई! माणसं मारायचीत का?" ही भीती आम्हांला कळते. बंदुकीने घरे बुडालेली आपण ऐकली आहेत. पण हा खेळ निराळा. म्हणून तर आम्ही गावोगाव हा कागद घेऊन फिरतो.

हातात घेऊन बघा. मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, खसखशीच्या दाण्याहून लहान. तो १० मीटरवरून, म्हणजे सुमारे २२ हातांवरून टिपायचा. सुरुवातीच्या एअर रायफलीत दारू नसते. दाबलेल्या हवेने शिशाचा छर्रा सुटतो. त्यानेही डोळा जाऊ शकतो, म्हणून नियम कडक. नळी सदा निशाणाकडे. हुकमावाचून छर्रा भरायचा नाही. खेळ थांबला की नळीत रंगीत दोरी घालायची. ज्याला राग आवरत नाही, त्याचा नेम लागत नाही.

आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले.

पण नुसत्या आमच्या शब्दावर जाऊ नका. मुलीबरोबर नेमबाजीच्या वर्गाला जा. आयांनी पुढे बसावे आणि विचारावे, रात्री बंदुका कुठे ठेवता? किल्ली कोणाकडे असते? समाधान झाले तर मुलीला पाठवा. नाही झाले तर खुशाल नको म्हणा. पण न पाहता नको म्हणू नका.