रंकाळ्याचं पाणी आणि न झालेला हिरवा रंग

आजचा भाग जरा घरगुती आहे. यात दोन बरण्या आहेत, रंकाळ्याचं पाणी आहे आणि माझी नववीतली भाची आहे.

आधी एक कबुली देतो. अकरावीला मी मॅथ्ससोबत बायोलॉजीही घेतलं होतं आणि माझं जर्नल एकदम झकास होतं. कांद्याच्या पेशी विटांसारख्या रचलेल्या, प्रत्येकीत एक ठिपका, म्हणजे केंद्रक. फक्त त्या पेशी मी कधी बघितल्याच नव्हत्या! मायक्रोस्कोपवर माझा नंबर आला तेव्हा मला जाड काळ्या कडेचा एक गोल दिसला. तो हवेचा बुडबुडा होता, हे पुढं कळलं. त्या दिवशी मी "दिसलं" म्हणालो आणि आकृती गाईडातून उतरवली. मार्क पैकीच्या पैकी.

तर, दिवाळीनंतर भाचीला शाळेत जलप्रदूषणावर प्रोजेक्ट करायचा होता. ती म्हणाली, "मामा, तयार चार्ट नको. रंकाळ्यावर करूया की."

कोल्हापूरच्या माणसाला रंकाळ्यातलं केंदाळ काही नवीन नाही. नाल्यांतून सांडपाणी तलावात आलं की त्याबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात. उसाला डीएपी घालतो त्यातही हेच दोन असतात. तलावाला फुकटचं खत मिळतं, मग केंदाळ वाढतं, शेवाळ वाढतं. ते मेलं की कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो. मासे मरतात ते यामुळंच.

हे आम्ही बरणीत करून बघायचं ठरवलं. काठावरून दोन बाटल्या पाणी आणलं, लिटर-लिटरच्या दोन बरण्यांत ओतलं. एकीत डीएपीचा एक दाणा टाकला, दुसरीत काहीच नाही. दोन्ही गॅलरीत उजेडात ठेवल्या. उत्तर माहीतच होतं. खताची बरणी हिरवी होणार.

आठव्या दिवशी साधी बरणी किंचित हिरवी झाली होती आणि खताची बरणी नितळ!

इथं मी काय केलं ते सांगतो. मी म्हणालो, "अगं, काहीतरी गडबड झाली असेल. लेबलं बदल आणि लिही. खतानं शेवाळ वाढतं हे सगळ्या जगाला माहीत आहे." अकरा वर्षं झाली तरी माझ्यातला तो जर्नलवाला गेला नव्हता.

भाचीनं काही ऐकलं नाही. ती बरणीला नाक लावून बसली होती. म्हणाली, "मामा, यात काहीतरी उड्या मारतंय."

माझ्याकडं फोल्डस्कोप होता. कागदाची घडी घालून बनवायचा मायक्रोस्कोप. मनु प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तो स्टॅनफर्डमध्ये तयार केला, 2014 मध्ये त्यावरचा पेपर आला. सुट्या भागांचा खर्च एक डॉलरपेक्षा कमी यावा, असं त्याचं डिझाइन आहे. साधारण 140 पट मोठं दिसतं आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो. आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावं असं एक: मनु प्रकाश यांची पहिली डिग्री आयआयटी कानपूरची, कॉम्प्युटर सायन्समधली बीटेक.

ड्रॉपरनं एक उडीवाला पकडला. डाफ्निया. पाण्यातली पिसू म्हणतात, पण आहे कोळंबीच्या नात्यातली. अंग काचेसारखं आरपार. हृदय धडधडताना दिसत होतं, आणि आतून एक हिरवीगार नळी गेलेली. ते तिचं आतडं! शेजारच्या थेंबात एकपेशीय शेवाळाचे बारीक हिरवे ठिपके होते. तेच ठिपके तिच्या पोटात गेले होते. खतानं शेवाळ वाढवलं असणार, पण पिसवांनी ते खाऊन टाकलं, असा अंदाज आला.

मग खरी चूक सापडली. दोन बाटल्या आम्ही दोन जागी भरल्या होत्या. एक पायऱ्यांजवळ, दुसरी केंदाळाच्या कडेला. पिसवा दुसरीत आल्या आणि तीच खताची बरणी झाली. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. ऑफिसात ज्युनिअरनं असं केलं तर मी त्याला ऐकवतो!

दुसऱ्यांदा सगळं पाणी एका बादलीत एकत्र केलं आणि सुती ओढणीतून गाळलं. पिसवा वर राहिल्या, शेवाळाच्या पेशी खाली गेल्या. चार बरण्या केल्या: खत नाही, पिसवा नाहीत, फक्त खत, फक्त पिसवा, आणि दोन्ही. पिसवा मोजून दहा-दहा. रोज एकाच वेळी, पांढरा कागद मागं धरून फोटो. दहा दिवसांनी फक्त खताची बरणी मेंदीच्या पाण्यासारखी हिरवी झाली. खत आणि पिसवा दोन्ही असलेली स्पष्ट फिकी.

म्हणजे तलाव हिरवा होणं फक्त खतावर ठरत नाही. शेवाळ कोण खातं आणि खाणाऱ्याला कोण खातं, यावरही ठरतं. पिसवा खाणारे मासे फार झाले तर पाणी अजून हिरवं होऊ शकतं. पेशी आणि परिसंस्था हे पुस्तकात दोन वेगळे धडे आहेत. आम्हाला ते एकाच थेंबात भेटले. लेबलं बदलली असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

तुम्हाला करायचं असेल तर मोठ्या माणसाला घेऊन काठावर जा, नंतर साबणानं हात धुवा. खताचं पाणी परत तलावात ओतू नका, कुंडीत घाला. आणि पहिली बरणी चुकली तर ती वहीतून खोडू नका. भाचीनं दोन्ही प्रयोग लिहिलेत, फसलेला आधी.

हां, आणि त्याच रात्री मी कांदा सोलला. आतला पातळ पापुद्रा काढला, वर बीटाडिनचा थेंब टाकला. आधी बुडबुडाच दिसला, तोच जुना! काच जरा सरकवली आणि मग विटा दिसल्या. काही विटांत पिवळसर ठिपका होता, काहींत नव्हता. गाईडातल्यासारखं अजिबात नव्हतं. या वेळी दिसलं तसंच काढलं.

तुमचा कुठला प्रयोग फसलाय? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, भेटूया!