घरचा उद्योग, मातृत्व आणि कामाची वाटणी

मुंबईतील गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला आणि पुढे ‘लिज्जत’ या नावाने देशभर पोहोचलेला पापड-उद्योग मातृत्व व अर्थार्जन यांची सांगड घालण्याचा मार्ग दाखवतो. पीठ केंद्रावर मळले जाते, सभासद भगिनी ते घरी नेऊन, मुलाबाळांकडे लक्ष देत पापड लाटतात आणि वजनानुसार मोबदला मिळवतात. अशी श्रमविभागणी, म्हणजे कामाचे टप्पे पाडून ते अनेक हातांत सोपवणे, घरगुती उद्योग वाढू लागताच आवश्यक ठरते. कारण वेळीच मदतनीस नेमल्याने आईचा वेळ आणि आरोग्य दोन्ही जपले जाते, मात्र त्या मदतनीस स्त्रीलाही रास्त मोबदला आणि स्वतःच्या लेकरासाठी सवड मिळायलाच हवी.