हिंजवडीत राहता? मग तुमचा तालुका पौडचा कारभार बघतो!

आज हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या भागात राहणाऱ्यांसाठी बोलतोय. पत्ता सांगताना आपण बिनधास्त ‘पुणे’ म्हणतो ना? पण तहसीलदाराच्या सहीचा कागद लागला की गाडी वळते पौडकडे. कारण तुम्ही आहात मुळशी तालुक्यात, आणि तालुक्याची कचेरी, पंचायत समिती, सगळं पौडला.

तालुका तरी कसला! एका टोकाला ताम्हिणी घाट, भाताची खाचरं, दुसऱ्या टोकाला आयटी पार्क.

थोडं मागे जाऊ. ब्रिटिशांच्या काळात याला मुळशी पेटा म्हणायचे. मुंबईला वीज हवी म्हणून टाटांनी मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं. पाणी पूर्वेला वाहायचं, ते सह्याद्रीतून पश्चिमेला, आजच्या रायगडमधल्या भिऱ्याला वळवायचं ठरलं. बुडणार होती मावळ्यांची भातशेती. १९२१ मध्ये सत्याग्रह उभा राहिला, पां. म. बापट पुढे आले, आणि याच लढ्यात लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. धरण तरीही झालं. जमीन ज्याची, त्याला विचारलंच कोणी नाही. सरकारने भूसंपादनाचा कायदा वापरला, बस्स.

मग १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. झेडपीच्या शाळा, आरोग्य केंद्र, जनावरांचा दवाखाना, अशी कामं तिकडे. इंग्लंडमध्ये अशाच ग्रामीण जिल्ह्यांची रचना १८९४ पासून होती, १९७४ मध्ये ती मोडून बहुतेक ठिकाणी गाव-शहर एकाच कौन्सिलमध्ये घातलं. आपल्याकडे गाव वाढलं की ते पंचायत समितीतून बाहेर पडतं. सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. हिंजवडी मात्र ग्रामपंचायतच राहिली. त्यात एमआयडीसी वेगळी, पीएमआरडीए वेगळी. खड्डा कोणाचा, हे शोधतानाच संध्याकाळ होते!

आणि अजून एक. पुणे जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे कित्येक महिने नव्हे, वर्षं, प्रशासकांनी कारभार बघितला. कोणाला जाब विचारायचा, तोच नव्हता. मला हे धरणाच्या गोष्टीइतकंच खटकतं.

ग्रामपंचायतीत मात्र एक दार उघडं असतं: ग्रामसभा. गावच्या मतदार यादीत तुमचं नाव असेल, तर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असलात तरी तुम्ही तिचे सदस्य. वर्षातून किमान ४ सभा व्हायला हव्यात. बऱ्याच जणांचं मत अजून मूळ गावीच आहे, हे मला माहितीये. ते इकडे आणायला मतदार नोंदणीचा फॉर्म ८ भरायचा, फोनवरूनही होतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रस्त्याचा फोटो टाकण्यापेक्षा जरा जास्त वेळ लागेल, एवढंच.

पुढच्या भागात पौडला जातोय. तहसील कचेरीबद्दल काही विचारायचं असेल तर व्हॉइस नोट पाठवा.